मागचं चाक काढताना मडगार्ड आडवं येतं, मदत हवी आहे

मंडळी, सिंगल स्पीड सायकलला पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवलेत. पुढचं झकास बसलं. मागच्याने मात्र वात आणलाय.

माझ्या फ्रेममध्ये मागच्या चाकाचा एक्सल (मधला दांडा) ज्या खाचांत बसतो त्या मागच्या बाजूला उघडतात, त्यामुळे चाक मागे ओढूनच काढावं लागतं. टायर ३२ मिमीचा, मडगार्ड ४५ मिमीचं, मधली फट जेमतेम बोटभर. नट सैल करून चाक ओढलं की टायर मडगार्डला टेकतो आणि एक्सल खाचेतच अडकतो. परवा पंक्चर झालं तेव्हा टायर चपटा होता म्हणून निघालं तरी. पंक्चर काढून हौसेने हवा भरली, तर चाक आत जाईना. पुन्हा हवा सोडावी लागली! हात चेनच्या ग्रीसने काळे झाले ते वेगळंच.

मडगार्डला फ्रेमशी धरून ठेवणाऱ्या तारा लांब ठेवून मागे फट वाढवता येईल, पण ते बेढब दिसतं. त्यापेक्षा तारांना हाताने सुटणाऱ्या क्लिपा लावून मडगार्ड वर उचलावं असं वाटतंय. मागच्या चाकाला अशा क्लिपा कुणी वापरल्यात का? खड्ड्यात आपोआप सुटत नाहीत ना? आणि खालचा, पुलाजवळचा (पेडलच्या मागे फ्रेमच्या दोन नळ्या जोडणाऱ्या आडव्या तुकड्याजवळचा) बोल्ट तसाच ठेवला तर मडगार्ड पुरेसं वाकतं का, की तिथेच तडकतं?