अरीथा फ्रँकलिन यांची पहिली सहा वर्षे वाया गेली का?

प्रश्न: अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिन १९६० साली कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीत आल्या, पण त्यांना खरे यश १९६७ मध्ये अटलांटिक या दुसऱ्या ध्वनिमुद्रण कंपनीत मिळाले. आवाज तोच असताना एवढा फरक कशामुळे पडला असावा?

प्रतिसाद १: कोलंबियाने त्यांना प्रामुख्याने जॅझ आणि वाद्यवृंदाच्या साथीतील लोकप्रिय गीतांच्या वाटेने नेले, आणि त्यात लहानपणापासून वडिलांच्या डेट्रॉइटमधील चर्चमध्ये घडलेली त्यांची गायकी बरीच दबली. अटलांटिकचे निर्माते जेरी वेक्सलर यांनी त्यांना अलाबामातील मसल शोल्स येथे नेऊन पियानोवर बसवले आणि वादकांना त्यांच्या वादनाभोवती साथ उभी करू दिली. माझ्या मते निर्णायक बदल हाच होता. गायक ओटिस रेडिंग यांचे १९६५ चे ‘रिस्पेक्ट’ हे गाणे अरीथा यांनी गायले, तेव्हा पुरुषाच्या तोंडची मागणी स्त्रीच्या तोंडी आली, शीर्षकातील इंग्रजी अक्षरांचा एकेक करून उच्चार त्यात नव्याने जोडला गेला आणि बहिणींच्या साथस्वरांमुळे गाण्याचा अर्थच पालटला.

प्रतिसाद २: वरील मताशी मी सहमत आहे, तरीही कोलंबियाची वर्षे वाया गेली असे मी म्हणणार नाही, कारण संथ गीतांतील त्यांचा संयम तेथील ध्वनिमुद्रणांतही स्पष्ट ऐकू येतो. १९७२ साली, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांनी लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये मुद्रित केलेला गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतांचा) संग्रह आपण आवर्जून ऐकावा.