मदत हवी आहे: २^३१ − १ च्या विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च का उरते?

नमस्कार मंडळी,

दोन दिवस एकाच पायरीवर अडकलोय. २^३१ − १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७, ही मूळ संख्या आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं. तिचं वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित वर. तिथपर्यंतच्या मूळ संख्या पावणेपाच हजारांहून जास्त, आणि भागाकार सगळे हाताने! म्हणून त्याने आधी चाळण्या लावल्या, म्हणजे विभाजक होऊच न शकणाऱ्या संख्या आधीच गाळल्या.

पहिली चाळणी पटली. 'व' हा मूळ विभाजक असेल, तर २^३१ ला व ने भागून १ उरतो. ३१ स्वतः मूळ, म्हणून फर्माच्या छोट्या सिद्धांताने (व विषम मूळ असेल तर २^(व − १) ला व ने भागूनही १ च उरतो) व − १ ला ३१ ने भाग जातो. व विषम आहे, म्हणजे तो ६२क + १ अशाच रूपाचा. इथवर ठीक.

दुसरी चाळणी: व ला ८ ने भागून १ किंवा ७ च उरायला हवेत. ३ किंवा ५ ने काय घोडं मारलंय? २^११ − १ = २०४७ = २३ × ८९ वर ताडून पाहिलं. २३ ला ७ उरतात, ८९ ला १. जुळतंय, पण का? माझ्याकडच्या पुस्तकात 'हे उघडच आहे' म्हणून पुढे गेलेत. मला नाही उघडत.

प्रतिसाद १

२^३१ ची बाकी १ आहे ना? २ ने गुणा. २^३२ ची बाकी २. आणि २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग! म्हणजे व ने भागून २ उरतील असा एक वर्ग सापडला. असा वर्ग फक्त ८क ± १ रूपाच्या विषम मूळ संख्यांनाच मिळतो. ७ घ्या: ३ चा वर्ग ९, बाकी २. आता ५ घ्या: वर्गांच्या बाक्या ०, १, ४. दोन कुठेच नाही. सर्वसाधारण सिद्धता गाउसच्या लेमाने (सहायक प्रमेयाने) होते, ती मात्र बसून करा.

दोन्ही अटी एकत्र केल्या की उरतात २४८क + १ आणि २४८क + ६३. ४६,३४० पर्यंत ६३ सोडून अशा ३७२ संख्या, आणि त्यातल्याही बऱ्याच मूळ नाहीत.

धागाकर्ता

अरे, २ ने गुणायचं एवढंच होतं! खूप आभार.

लगेच २^६७ − १ वर करून पाहिलं. २^न − १ मूळ येते अशा 'न'ची यादी मर्सेनने १६४४ मध्ये दिली, तीत ६७ घेतला होता, पण १९०३ मध्ये कोल या अमेरिकन गणितज्ञाने २^६७ − १ चे अवयव पाडून दाखवले. लहान अवयव १९,३७,०७,७२१. त्यातून १ वजा करून १३४ ने भागलं, बरोबर १४,४५,५८०. आठाने भागून १. दोन्ही चाळण्यांतून पार.

पण मग हा अवयव गाठेपर्यंत चाळणी लावूनही सात लाखांवर उमेदवार उरतात. कोल एकेक करत नक्कीच गेला नसणार. त्याने आणखी कुठली चाळणी वापरली, कुणी सांगेल का?