फ्रेंच प्रेस घ्यायचाय, बजेट दीड हजार (नाशिक)

इंदिरानगरी: नमस्कार मंडळी. घरून काम सुरू झाल्यापासून दिवसाला चार कप इन्स्टंट होते, आता ती नकोशी झालीय. मित्राकडे फ्रेंच प्रेसची (पावडर गरम पाण्यात भिजवून जाळीच्या दांड्याने खाली दाबायचं भांडं) कॉफी प्यायलो, आवडली. त्याचाच प्रेस दोन दिवस उसना आणून घरी केली तर कडूजहर, आणि कपाच्या तळाशी बोटभर गाळ. पावडर किराणा दुकानातली फिल्टर कॉफीची. पिणारा मी एकटाच, बिनदुधाची. प्रेस आणि पावडर मिळून १५०० रुपये. वर एक रुपया नाही, घरात आधीच एक एअर फ्रायर धूळ खातोय. काय घेऊ?

कॉलेजरोड_कट्टा: प्रेस कुठलाही चालेल, आधी ग्राइंडर घ्या. मी साडेचार हजारांचा हाताने फिरवायचा घेतला. तेव्हापासून कॅफेची पायरी चढलो नाही.

इंदिरानगरी: दादा, बजेट १५०० आहे.

कॉलेजरोड_कट्टा: वाचलं की. थोडं ताणा.

पाथर्डी_फाटा: काचेचा अजिबात नको! डिसेंबरातली सकाळ, गारठलेलं भांडं, त्यात उकळतं पाणी ओतलं. ‘टिक्’ एवढाच आवाज आला आणि बूड अलगद वेगळं झालं. कॉफी ओट्यावरून ओघळत खाली ज्वारीच्या डब्यात. सासूबाई आलेल्या प्रत्येक पाहुण्याला अजून सांगतात. स्टीलचाच घ्या.

अर्धा_कप: बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी काच सहसा अशी तडकत नाही. तुमची साधी काच असणार, नाहीतर स्टीलच्या चमच्याने ढवळून आधीच चरा गेलेला असणार.

पाथर्डी_फाटा: चमचा लाकडीच होता. असो.

भांडीबाजार_भक्त: कशाला ही फॅशन? भांडी बाजारातून स्टीलचा दोन मजली साउथ इंडियन फिल्टर आणा. माझा अकरा वर्षं चालतोय, ना काच फुटायची भीती ना जाळी बदलायची कटकट. वर सायीचं दूध.

इंदिरानगरी: दूध नको लिहिलंय हो वर.

भांडीबाजार_भक्त: दुधाशिवाय ती कॉफी कसली, काढा.

सातपूर_शिफ्ट: धागाकर्ते, तुमचा घोटाळा प्रेसचा नाही, पावडरचा आहे. पाकिटाच्या मागे बघा, ‘कॉफी-चिकोरी मिश्रण’ असं छापलेलं असणार (चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ). वर ती फिल्टरसाठी बारीक दळलेली. बारीक भुकटी जाळीतून खाली उतरते, तोच तुमचा गाळ. आणि बारीक पावडर चार मिनिटं पाण्यात बसली की कडवटपणा सगळा उतरतो. शंभर टक्के कॉफी घ्या, चिकमगळूर किंवा कुर्गची अरेबिका, आणि घेताना ‘फ्रेंच प्रेससाठी जाड’ असं सांगून दळून घ्या. लापशी रव्याइतकी जाड हवी, बारीक रव्याइतकी नाही. पाकीट लहान घ्या, भाजल्याची तारीख बघून.
माप: ३०० मिली पाण्याला २० ग्रॅम. घरी वजनकाटा नसेल तर तेवढाच घ्या एक, ग्राइंडर राहू द्या. ओतायच्या आधी प्रेस गरम पाण्याने विसळून घ्या (पाथर्डीवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं). चार मिनिटांनी वरचा थर हलवा, फेस चमच्याने काढून टाका, अजून दोन-तीन मिनिटं गाळ खाली बसू द्या. मग दांडा हळू दाबा, तळाशी नेऊन चेपू नका. आणि सगळी कॉफी लगेच ओतून घ्या, आत राहिली की कडू होत जाते.

गोदाकाठ: पाणी उकळतं नको, ९५ अंश हवं. थर्मामीटर घ्या.

सातपूर_शिफ्ट: थर्मामीटर कशाला? नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच, इथे पाणी ९८ लाच उकळतं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबलं की झालं.

गोदाकाठ: आमच्याकडे बोअरचं पाणी, त्याचं काय? चहासुद्धा काळपट होतो. टँकरवाल्याचा तर वेगळाच धागा काढायला हवा.

हृदयस्थ: चार कप प्रेसची कॉफी जरा जपून. जाळीतून कॉफीतली तेलं तशीच कपात येतात, त्यातल्या कॅफेस्टॉल नावाच्या घटकाने एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढतं. कागदी फिल्टरमध्ये ते बरंचसं अडकतं. मी रिपोर्ट आल्यावर शहाणा झालो.

इतिहासवेडा: फ्रेंच म्हणतात, पण १९२९ चं पेटंट मिलानच्या कॅलिमानीचं, म्हणजे वस्तू इटालियन.

अर्धा_कप: त्याआधी १८५२ मध्ये पॅरिसमध्ये मेयर आणि डेलफोर्ज यांनी घेतलं होतं की.

इतिहासवेडा: त्यांची जाळी कडेला घट्ट बसायची नाही. तो प्रेस नव्हेच.

मिसळपाववाली: स्टीलचाच घ्या, काच फुटते. आणि पावडर जाड हवी, कुणी सांगितलं की नाही माहीत नाही.

कॉलेजरोड_कट्टा: जाड म्हणूनच तर ग्राइंडर!!

मिसळपाववाली: मी मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवते आणि चहाच्या गाळणीने भुकटी झाडून टाकते. फुकटात काम होतं.

इंदिरानगरी: सगळ्यांचे आभार. सातपूरकर, पाकीट पाहिलं, ४७ टक्के चिकोरी! चिकमगळूरची जाड पावडर मागवली. प्रेस मात्र काचेचाच घेतला, एक लिटरचा. सेलमध्ये तो ३५० मिलीवाल्यापेक्षा स्वस्त पडत होता. सगळं मिळून १४६० त बसलं. आज सकाळी गरम पाण्याने विसळून केली, गाळ जवळजवळ नाही. फक्त एका कपाचं पाणी घातलं तर जाळी कॉफीपर्यंत पोचतच नाही, वरच अडकते. काही उपाय?

सातपूर_शिफ्ट: तीन पाहुणे बोलवा.

पाथर्डी_फाटा: सासूबाई पाठवू?