गेममधल्या जादुई सामानाची वर्णनं कशी लिहायची? माझी सगळी किराणा यादीसारखी होतायत

शनिवारचाखेळ
नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री ऑनलाइन बसून फासे टाकत टेबलटॉप आरपीजी खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि मिळून गोष्ट पुढे न्यायची, जग माझं, गावं माझी, नियमही बरेचसे घरचेच. या वेळी क्राफ्टिंग घातलंय, म्हणजे रानातून बाजारातून सामान गोळा करायचं आणि त्याच्यातून वस्तू बनवायच्या. साठेक सामानाची नावं तयार आहेत पण वर्णनं वाचली की जीव जातो. "चंद्रकाठी: चमकणारं दुर्मिळ लाकूड." "सर्पशिळा: हिरवा गूढ दगड." पोरं ऐकतात, बरं मिळालं म्हणतात, पुढे जातात. मला असं हवंय की त्यांनी ती वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करून बघावी, वास घ्यावा, आपसात भांडावं की ही कुणाच्या पिशवीत ठेवायची. विशेषणं वाढवून पाहिली तर अजूनच पसरट झालं. कुणी असं लिहिलंय का? काय केलंत?

मांजरपाऊल
विशेषणं काढूनच टाक. नॉर्स पुराणात फेनरिर नावाचा लांडगा आहे, त्याने लोखंडाच्या दोन साखळ्या तोडल्या म्हणून मग देवांनी बुटक्या कारागिरांकडून ग्लाइपनिर नावाची फीत करून घेतली, ती रेशमासारखी मऊ, आणि सामान काय तर मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पाखराची थुंकी. सहा वस्तू, एकीचाही रंग सांगितलेला नाही. आणि पुरावा काय देतात, तर बघा, मांजर चालताना आवाज येतो का? बाईला दाढी असते का? नाही ना, मग! मला हे फार म्हणजे फार आवडतं, कारण वस्तू बनली त्याची खूण जगात राहिली. तुझ्या चंद्रकाठीसाठी झाड तोडलं तर त्या गावात काय नाहीसं झालं ते लिही, लाकूड कसं दिसतं ते राहू दे.
आणि आपल्याकडे तर तयार माल पडलाय. शाळेत पाठ केलेला वामन पंडितांचा श्लोक आठव, वाळूचं तेल, मृगजळ, सशाचं शिंग, तिन्ही एकाच श्लोकात. ते सगळं अशक्य म्हणून सांगितलंय पण तुझ्या जगात ते दुकानात मिळू शकतं की.

काळापत्थर
मी दगडवाला आहे म्हणून सर्पशिळेबद्दलच बोलतो. दगडाचं वर्णन करताना तो कसा वागतो ते लिहा. झिओलाइट हा खनिजांचा एक गट, त्या नावाचा अर्थच मुळी उकळणारा दगड. १७५६ मध्ये क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने एक खनिज तापवलं तर त्यातून वाफ येऊन ते फसफसलं, म्हणून हे नाव. त्यातलाच स्कोलेसाइट तापवला की अळीसारखा वळतो, ग्रीक भाषेतल्या अळीवरूनच त्याचं नाव पडलंय. आणि ही सगळी मंडळी आपल्या काळ्या पत्थराच्या पोटातली. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचं खनिज मिळायचं, स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर बसलेले गडद निळे छोटे गोळे, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कुणीतरी रंगाचे थेंब टाकलेत.
मामाच्या विहिरीचं काम चालू होतं तेव्हा सुरुंगाने फुटलेला एक धोंडा मी उचलला होता, बाहेरून नुसता काळा ओबडधोबड, आत मुठीएवढी पोकळी आणि तिच्यात पांढऱ्या सुया, इतक्या बारीक की फुंकर मारली असती तर मोडल्या असत्या असं वाटलं. मी तो पोटाशी धरून शेतातून घरी आणला, वाटेत कुणाशी बोललो पण नाही. तुमच्या खेळाडूला असा धोंडा द्या आणि विचारा, फोडणार का तसाच ठेवणार? एकदाच फोडता येईल, आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळणार नाही.

आजीचाबटवा
दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे माल कसा मोजतात ते ठरवा. आमच्या आजीकडे सोनाराचं जुनं माप म्हणून गुंजा होत्या, लाल बी आणि डोक्यावर काळा ठिपका, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. दिसायला इतकी गोड पण विषारी, त्यामुळे आम्हाला हात लावायची बंदी. तुमच्या बाजारात सावली कशाने मोजतात? उसासे शेरावर मिळतात का पायलीवर? मोजमाप आलं की पोरं आपोआप घासाघीस करायला लागतील बघा.
दुसरं म्हणजे सामानाला स्वभाव पाहिजे. बिब्बा बघा, परीट त्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करायचे, ती खूण धुऊन जात नाही, आणि तोच रस कातडीवर उतला की फोड. आजी बिब्ब्याला सुई टोचून दिव्यावर धरायची आणि तेल सुटायला लागलं की आम्हाला हाताने मागे सारायची, तोंडाने काही नाही बोलायची, नजर त्या थेंबावर. मला अजून तो थेंब दिसतो. उपयोगी आहे आणि उलटतो पण, असं सामान लक्षात राहतं.

फक्तवाचक
साठच्या साठ नका सजवू एवढंच सांगतो. सात-आठ करा, बाकीचं मीठ मीठच राहू दे आणि सुतळी सुतळीच.

शनिवारचाखेळ
अरे काय भारी लोक आहात तुम्ही! रात्री दोनपर्यंत बसून लिहिलं, बघा जमतंय का.
चंद्रकाठी: अमावस्येलाच तोडतात. जिथलं झाड तोडलं त्या वाडीत पुढची पौर्णिमा होत नाही, म्हणून वाडीतली माणसं लाकूडतोड्याला ओसरीवर बसू देत नाहीत.
मृगजळ: चैत्रात भर दुपारी, भांडं पालथं धरून भरतात. जवळ गेलात तर मागे सरकतं म्हणून पाठमोरं चालत जायचं. एका घोटात तहान जाते, पण त्या दिवशी पाणी प्यायलेलं आठवत नाही.
सशाचं शिंग: गुंजेवर विकतात. विकणारा डोळ्यात बघत नाही.
वाळूच्या तेलाशी मात्र अडलोय. बाटलीत घातलं की परत वाळू होते असं लिहून बसलो, मग ते विकायचं कसं?

आजीचाबटवा
बाटलीत कशाला, घाण्यावरच विकायचं. गिऱ्हाइकाने ओंजळ घेऊन यायचं आणि घरापर्यंत ओंजळ सोडायची नाही, वाटेत कुणी रामराम केला तरी हात जोडायचे नाहीत. त्या गावात म्हणूनच तेल नेणाऱ्याला कुणी हाक मारत नाही.

शनिवारचाखेळ
घेतलं! या शनिवारी घाण्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर त्यांचा जुना शत्रू उभा करतो, आणि तो आधी रामराम करेल.