इंजेक्शन आणि प्रकाश यांमधील वेळेचे अंतरही पाहावे
फोटोफ्रिन आणि व्हर्टेपॉर्फिन ही टोचल्यानंतर प्रकाश टाकून सक्रिय करायची औषधे. यांपैकी कशाने उंदरांमधील कर्करोगाची गाठ अधिक आक्रसली, एवढ्यावरच त्यांचे सरस-निरस ठरवावे, असे एक मत आहे. ते मला पटत नाही. पहिले औषध ६३० नॅनोमीटरच्या, तर दुसरे सुमारे ६९० नॅनोमीटरच्या, म्हणजे अधिक खोल शिरणाऱ्या प्रकाशाने सक्रिय होते. मात्र उंदराच्या कातडीखालची गाठ जेमतेम काही मिलिमीटर जाडीची असल्याने हा फायदा तिथे फारसा दिसतच नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेळेचे अंतर: व्हर्टेपॉर्फिन टोचल्यावर १५ मिनिटांत प्रकाश टाकला, तर औषध अजून मुख्यतः रक्तवाहिन्यांतच असते आणि गाठीचा रक्तपुरवठा तुटतो, काही तास थांबल्यास मारा अधिक करून पेशींवर होतो. दोन्ही औषधांना एकच वेळ लावणे म्हणूनच अन्यायाचे आहे. शिवाय फोटोफ्रिननंतर रुग्णाची त्वचा कित्येक आठवडे उजेडाला हळवी राहते, व्हर्टेपॉर्फिननंतर काही दिवसच. गाठीच्या मापात हे उमटत नाही.