प्रतिसाद: भगर आणि पिठाची गिरणी
वर कुणीतरी म्हणालंय, गावातली आरोग्य शिबिरं म्हणजे फोटोपुरता कार्यक्रम. अर्धं पटलं. पण आमच्या परभणी-हिंगोलीकडं एकादशीला, महाशिवरात्रीला भगरीतून विषबाधा होते, तिथं शिबिरातलं हेच बोलणं कामी येतं: सुटं पीठ आणू नका, भगर निवडून-धुवून घ्या, दळलेलं साठवू नका. ओल धरली की बुरशी येते आणि तिचं विष शिजवूनही पुरतं जात नाही. (उपास सगळ्या घराचा, म्हणून आजारीही सगळं घर एकदम!) मनाच्या दुखण्याचं मात्र व्याख्यानानं भागत नाही. सोयाबीन हातचं गेलेला माणूस चारचौघांत काय बोलणार? टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठी फोनवर मदत देणाऱ्या सरकारी सेवेचा, १४४१६ हा फुकट नंबर गिरणीच्या भिंतीवर रंगवा. दळण होईस्तोवर वाचतोच माणूस.