मदत हवी आहे: माथाडी कामानंतर एम.ए. प्रवेश (वाशी)

भाच्यासाठी विचारतेय. शिवाजी विद्यापीठातून २०१५ला बी.ए. (अर्थशास्त्र), तेव्हापासून वाशीच्या धान्य मार्केटमध्ये माथाडी. आता एम.ए. करायचंय, मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून. काम सोडून रेग्युलर करणं परवडणारं नाही.

एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिट्सच्या ऑनलाइन खात्याचा नंबर) आणि मग डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा, अशा प्रवेशासाठीचा नंबर) लागतो, हे कळलंय. अडकलंय इथेच. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण आहे, मार्कशीटवर नुसतं आद्याक्षर, त्यामुळे नावं जुळत नाहीत. आधार बदलायचं, की मार्कशीटवरचं नाव दुरुस्त करून घ्यायचं? अनुभव असलेल्यांनी क्रमाने सांगा, कारण एक बदललं की पॅन आणि बँक खात्याचंही बघावं लागतं.

मायग्रेशन सर्टिफिकेट (विद्यापीठ बदलताना लागणारा दाखला) शिवाजी विद्यापीठातून, म्हणजे कोल्हापूरहून मागवायचंय. स्वतः न जाता मिळालंय का कुणाला? किती दिवस लागले? आणि गॅपच्या (मधल्या वर्षांत शिक्षण बंद होतं त्याच्या) प्रतिज्ञापत्रात 'मजुरी' लिहिलेलं चालतं, की माथाडी मंडळाचं ओळखपत्र जोडायचं?

शेवटचं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. दिवसभर आकड्याने ५० किलोच्या गोण्या ओढून बोटं आखडतात. अर्धा तास लिहिलं की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि अक्षर खाली घसरत जातं. पेपर मात्र सलग लिहायचा. जाड पकडीचं पेन, कोमट पाण्यात हात, रोज दहा-दहा मिनिटं वाढवत लिखाण, हे सुरू केलंय. फिजिओथेरपीचे नेमके व्यायाम माहीत असतील तर कृपया लिहा. कोपरखैरणे-वाशीत रात्री आठनंतर उघडी असणारी अभ्यासिकाही सुचवा.